माणसाचा स्वभाव बदललाय असं वाटलं तर आधी काय बघायचं

माझी आत्या म्हणजे आमच्या घरातली सगळ्यात बडबडी बाई. कुणाचंही लग्न असो, रुखवतापासून पंगतीपर्यंत सगळं तिच्या हातात. आणि दीड-दोन वर्षांत ती अशी झाली की फोन उचलायची नाही, दुपारी झोपली की संध्याकाळीच उठायची, काही विचारलं तर उत्तर यायला वेळ लागायचा, उन्हाळ्यात पण अंगावर शाल. आम्ही सगळे काय म्हणालो तर वय झालं, सून आल्यापासून मन उडालंय, आळशी झाली. मीही म्हणाले, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. शेवटी चेहरा आणि पाय सुजले म्हणून डॉक्टरकडे नेलं तर थायरॉइड अगदीच कमी निघाला. गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत बरीचशी जुनी आत्या परत आली. म्हणून हे सविस्तर लिहितेय, कुणाच्या तरी घरी उपयोग होईल.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. मुळात शांत, भिडस्त किंवा तापट असणं हा आजार नाही. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसतं की माणसा-माणसांच्या स्वभावात जो फरक असतो त्यातला साधारण ४० ते ५० टक्के आनुवंशिक असतो, बाकी वाढ, अनुभव वगैरे. त्यामुळे शेजारणीशी तुलना करायची नाही, त्या माणसाची त्याच्याच जुन्या वागण्याशी करायची. पन्नास वर्षं हिशोबाला चोख असलेला माणूस उधळपट्टी करायला लागला तर तो बदल.

आणि मेंदू बदलला की स्वभाव बदलतो हे काही नवीन नाही. १८४८ साली अमेरिकेत व्हरमाँटमध्ये रेल्वेच्या कामावरचा मुकादम फिनिआस गेज, सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि साधारण ६ किलोची लोखंडी पहार गालातून शिरून कवटीतून वर निघून गेली. माणूस वाचला, बोलत होता, चालत होता. पण त्याचे डॉक्टर हार्लो यांनी नंतर लिहून ठेवलं की आधीचा जबाबदार माणूस आता शिवराळ आणि लहरी झालाय, ओळखीचे म्हणत हा आमचा गेज नव्हेच. कपाळामागचा मेंदूचा भाग म्हणजे आपला ब्रेक, तोच दुखावला होता. (पुढे तो बराच सावरला, चिलीमध्ये काही वर्षं घोडागाडी चालवली, हे फार कमी लोक सांगतात.) पहारीने जे झटक्यात झालं ते हॉर्मोन्स आणि मेंदूतली रसायनं हळूहळू करू शकतात, फरक इतकाच की ते बऱ्याचदा दुरुस्त होतं.

तर पहिलं काम, वहीत लिहा की बदल कधीपासून. डॉक्टरला सगळ्यात जास्त हेच लागतं. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत बदल झाला असेल, म्हणजे आजोबा अचानक बरळतायत, घरच्यांना ओळखत नाहीत, रात्री आरडाओरडा, तर वेडबिड समजू नका आणि सकाळपर्यंत थांबू नका, सरळ हॉस्पिटल. म्हाताऱ्या माणसांत लघवीचं इन्फेक्शन किंवा सोडियम कमी होणं एवढ्यानेही हे होतं. मागच्या काही आठवड्यांत पडले होते का, डोक्याला लागलं होतं का हे आठवा, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जास्तच, कारण डोक्यात रक्त हळूहळू साठून त्रास उशिरा दिसू शकतो. डायबेटिसवाल्या माणसाने अचानक चिडचिड सुरू केली, घाम फुटला, हात थरथरले तर वाद घालू नका, शुगर बघा, ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर लगेच साखर द्या.

दुसरं काम गोळ्यांची पिशवी. घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं, पुड्या एकत्र टेबलावर मांडा आणि कुठली कधी सुरू झाली ते बदलाच्या तारखेशी जुळवा. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी झोप उडते, माणूस भडकतो किंवा उगाच खूप उत्साहात येतो. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांमध्येही कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, त्या पण घेऊन जा. पार्किन्सनचं (हात थरथरण्याचा, हालचाल मंदावण्याचा आजार) तर मला वाटतं प्रत्येक घराला सांगायला हवं: त्यात डोपामिन हे मेंदूतलं रसायन कमी पडतं म्हणून डोपामिनसारखं काम करणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशा गोळ्या देतात, आणि त्यांनी काही जणांना जुगाराचा, खरेदीचा, खाण्याचा अनावर नाद लागतो. डोपामिनला लोक आनंदाचं केमिकल म्हणतात पण ते जास्त करून हवंहवंसं वाटण्याचं आहे. घरचे म्हणतात म्हातारपणी चळ लागला, आणि तो माणूस लाजेने मरत असतो. डोस बदलला की हे कमी होऊ शकतं. पण स्वतःहून काही बंद करायचं नाही, स्टिरॉइड तर अजिबात नाही, एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं.

मग रक्त. आपल्या नेहमीच्या डॉक्टरला विचारून टीएसएच (थायरॉइडला काम कर म्हणून मेंदूकडून येणारा हॉर्मोन), बी १२, हिमोग्लोबिन, शुगर, सोडियम, कॅल्शियम एवढ्यापासून सुरुवात करता येते. टीएसएच बहुतेक लॅबमध्ये साधारण ०.४ ते ४ मध्ये असावा लागतो. वाढला म्हणजे थायरॉइड मंद, माणूस सुस्त, उदास, विसरभोळा. खूप कमी म्हणजे बऱ्याचदा थायरॉइड जोरात, माणूस चिडका, घाबरा, छाती धडधड. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन नावाचं व्हिटॅमिन असतं त्याने रिपोर्ट चुकू शकतो, म्हणून आधी सांगा. शाकाहारी असाल किंवा बरीच वर्षं डायबेटिसची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर बी १२ बघाच. सेरोटोनिन म्हणजे मूडशी जोडलं जाणारं रसायन, त्याच्या टेस्टवर मात्र पैसे घालवू नका, शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात असतं आणि ते मेंदूत जात नाही, त्यामुळे रक्तावरून मूड कळत नाही.

चाळिशीतल्या बायकांचं वेगळं लिहावं लागेल, कारण त्यांचं सगळ्यात उशिरा ऐकलं जातं. पाळी जायच्या आधीची काही वर्षं इस्ट्रोजेन हा बायकांचा हॉर्मोन सरळ कमी होत नाही, वरखाली होत राहतं, झोप मोडते, रात्री घाम येतो, रडू येतं, पटकन राग येतो. एका दिवसाच्या हॉर्मोन टेस्टमधून हे नीट कळेलच असं नाही, तीन महिने पाळीच्या तारखा आणि झोप लिहून ठेवा आणि गायनॅककडे वही न्या. आणि नवऱ्यांनो, मुलांनो, भांडण चालू असताना "तुझे हॉर्मोन बोलतायत" असं म्हणू नका. तिचं म्हणणं खरंही असतं आणि झोपही झालेली नसते, दोन्ही एकाच वेळी.

४५ ते ६५ च्या वयात हळूहळू माया आटली, भान सुटलं, चारचौघांत काहीही बोलणं, गोडाचा हव्यास, आणि स्मरणशक्ती मात्र ठीक, असं दिसलं तर न्यूरोलॉजिस्टला दाखवा. एक प्रकारचा डिमेन्शिया (मेंदू हळूहळू झिजण्याचा आजार) असाच सुरू होतो, विसरण्याने नाही.

बोलायचं कसं हाही प्रश्न असतो. "तू बदललीस" म्हटलं की दार बंद. "हल्ली दमल्यासारखी वाटतेस, माझ्याबरोबर तुझंही रक्त तपासून घेऊया" म्हटलं की बहुतेक येतात. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे नाटक आहे असं नाही, डिप्रेशन रक्तात दिसत नाही, मग सायकियाट्रिस्ट. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झालाय असं कुणी म्हणालं तर मात्र त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दाखवा.

थायरॉइडची गोळी लागली तर ती उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब, आणि ६ ते ८ आठवड्यांनी परत टीएसएच. आत्या पहिले दोन महिने चहाबरोबरच घेत होती, तिला कुणी सांगितलंच नव्हतं, टीएसएच खाली येईना. आता गोळी उशाशी तांब्याजवळ ठेवते, उठल्या उठल्या घेते, मग आंघोळ, देवपूजा, आणि मग चहा.