माइल्सचं खातं उघडताना या चुका टाळा, खास सोलापूरकरांसाठी

ओळखीतलं कुणी परदेशी निघालं की मला फोन येतो, "फ्रीक्वेंट फ्लायर कुठलं घेऊ, सगळ्यात भारी कुठलं?" फ्रीक्वेंट फ्लायर म्हणजे विमान कंपनीकडचं आपलं खातं, उडालं की त्यात पॉइंट जमा होतात, त्यांनाच माइल्स म्हणतात, आणि पुरेसे जमले की त्यावर तिकीट निघतं. मी दरवेळी उलट विचारतो, उडणार कुठून, जाणार कुठं, वर्षातनं किती वेळा आणि तिकिटाचे पैसे कोण भरतंय. एवढं सांगायलाही लोकांना दम नसतो, थेट नाव पाहिजे असतं. रीलमध्ये कुणीतरी फुकटात बिझनेस क्लासमध्ये झोपून लंडनला गेलेला बघतात आणि वाटतं खातं उघडलं की आपणपण झोपून जाणार. तसं होत नाही. त्याच त्याच चुका बघून खरंच वैताग आलाय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

सुरुवात विमानतळापासून करा, एअरलाइनपासून नको. २०२५ मध्ये होटगी रोडवरून आधी गोव्याला आणि मग मुंबईला विमान सुरू झालं, खूप वर्षांनी झालं, आनंदच आहे, पण आपला लांबचा प्रवास अजूनही मुंबई, पुणे नाहीतर हैदराबादवरूनच होतो. त्यातपण सोलापूरला हैदराबाद लांब नाही, पूर्व भागातल्या निम्म्या घरांचे पाहुणेच तिकडं आहेत. शमशाबादवरून, म्हणजे हैदराबादच्या विमानतळावरून, एमिरेट्स, कतार, सिंगापूर एअरलाइन्स, ब्रिटिश एअरवेज, लुफ्तान्सा सगळ्या उडतात, पुण्यातून परदेशी फ्लाइट मोजक्याच. म्हणजे पुण्यातल्या आयटीवाल्या चुलतभावाला जे खातं सोयीचं ते तुम्हाला असेलच असं नाही, तो महिन्यातनं दोनदा दिल्ली-बंगळुरू करतो आणि तुम्ही वर्षातनं एकदा दुबई. मी काय करतो, मागच्या दोन-तीन वर्षांतली तिकिटं मेलमधनं काढून एका कागदावर उतरवायला सांगतो, कुठून कुठं आणि कुठल्या कंपनीनं. निम्म्या लोकांना त्या कागदावरच उत्तर सापडतं.

आता माझी सगळ्यात नावडती चूक, दिसेल त्या एअरलाइनचं खातं उघडायचं. माझा एक मित्र आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, दर जानेवारीला फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिल प्रदर्शनाला जातो आणि मध्ये आखातातपण चक्कर असते. तिकीट एजंट काढतो, जे स्वस्त ते, आणि दरवेळी विमानात फॉर्म भरला नाहीतर ॲपवर नवीन खातं. एका वर्षी ठरवलं की वहिनींना माइल्सवर सोबत न्यायचं. मला कारखान्यात बोलावलं, लॅपटॉप उघडला, एकेक लॉगिन सुरू. एका खात्याचा ओटीपी जुन्या बंद नंबरवर जायला लागला, एकाचा पासवर्डच आठवेना, जी उघडली त्यात प्रत्येकात थोडे थोडे माइल्स, आणि एका खात्यातले बऱ्यापैकी होते ते नुकतेच एक्स्पायर झालेले. हा कॅल्क्युलेटरवर बेरीज करत बसला आणि मला म्हणतो, "सगळं मिळून एक तिकीट निघतंय की बे, मग देईना गेलेत का?" अरे पण एकदा एका कंपनीच्या खात्यात जमा झालेले माइल्स दुसरीच्या खात्यात कसे जातील? वहिनींचं तिकीट शेवटी रोख पैसे भरून काढलं, तेपण जानेवारीच्या गर्दीत.

हे त्याला सहज टाळता आलं असतं, कारण एअरलाइन्सचे गट असतात, गटातल्या कुठल्याही कंपनीनं उडा, माइल्स सुरुवातीपासून एकाच खात्यात घेता येतात. स्टार अलायन्स १९९७ पासून आहे, एअर इंडिया त्यात २०१४ मध्ये गेली, लुफ्तान्सा आणि सिंगापूर एअरलाइन्सपण त्यातच. कतार आणि ब्रिटिश एअरवेज वनवर्ल्डमध्ये. म्हणजे लुफ्तान्सानं फ्रँकफर्टला गेलात तरी ते माइल्स एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये टाकता येतात, फक्त बुकिंग करताना तो नंबर द्यायचा. एमिरेट्स आणि एतिहाद मात्र कुठल्याच गटात नाहीत, ज्याचं कायम दुबईलाच जाणं-येणं आहे त्यानं सरळ एमिरेट्सचं स्कायवर्ड्स घ्यावं आणि तिथंच राहावं. माझं मत स्पष्ट आहे, एक मुख्य खातं आणि फार तर देशातल्या प्रवासासाठी दुसरं, बास.

मुदतीकडं तर कुणी बघतच नाही. सिंगापूरच्या क्रिसफ्लायरचे माइल्स तीन वर्षांत जातात, तुम्ही मधे उडा नाहीतर नका उडू. ब्रिटिश एअरवेजच्या एव्हिओसचं, म्हणजे त्यांच्या पॉइंटचं, उलट आहे, ३६ महिन्यांत खात्यात काही ना काही हालचाल झाली की जिवंत राहतात. मुलगी जर्मनीत आहे आणि आई-बाबा दोन-तीन वर्षांतनं एकदा जातात, अशा घरासाठी हा फरक फार मोठा आहे. अशा घरांनी कुटुंबाचं एकत्र खातंपण बघावं, एमिरेट्स, कतार, ब्रिटिश एअरवेज तिघांकडं ती सोय आहे, चौघांचे तुटपुंजे माइल्स एका ठिकाणी आले तर कामाला येतात.

आणि नाव! यावर मी लोकांना अक्षरशः ओरडतो. आपल्याकडं पासपोर्टवर बहुतेकांचं स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही मिळून 'गिव्हन नेम'च्या रकान्यात असतं, आडनाव वेगळं. खातं उघडताना घाईत नुसतं स्वतःचं नाव-आडनाव टाकतात, एजंट तिकीट पासपोर्टप्रमाणं काढतो, दोन्ही नावं जुळत नाहीत आणि माइल्स जमाच होत नाहीत. लग्नानंतर पासपोर्ट बदललेल्या बायकांचं तर हे हमखास होतं. पासपोर्ट समोर ठेवून, एकेक अक्षर बघून फॉर्म भरा, पाच मिनिटं जास्त जातील, जाऊ देत.

साठवून ठेवण्याचापण एक रोग आहे आपल्याला. माइल्स म्हणजे एफडी नाही, व्याज लागत नाही, उलट कंपनी कधीही एका तिकिटाला लागणारे माइल्स वाढवू शकते. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली तेव्हा किती लोकांचं पुढच्या फ्लाइटचं प्लॅनिंग तसंच राहिलं. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली, पॉइंट तिकडं गेले पण नियम नवीन आले. तिकिटापुरते जमले की वापरा.

बाकी छोट्या गोष्टी पटापट. सगळ्यात स्वस्त भाड्यावर माइल्स फार कमी मिळतात, कधीकधी मिळतच नाहीत, तिकिटाचा बुकिंग क्लास, म्हणजे भाड्याच्या प्रकाराचं अक्षर, बघा. क्रेडिट कार्डाचे पॉइंट आधी माइल्सच्या खात्यात ट्रान्सफर करून मग सीट शोधू नका, आधी माइल्सवर सीट मिळतेय का बघा, कारण गेलेले पॉइंट परत येत नाहीत. माइल्सवर मिक्सर-बॅगा घेऊ नका, भाव फार वाईट पडतो. फुकट तिकिटावरपण टॅक्स आणि सरचार्ज भरावा लागतो, लंडनसारख्या ठिकाणी तो चांगलाच जड असतो. वर्षातनं एक ट्रिप करणाऱ्यानं गोल्ड कार्डाचं, म्हणजे सतत उडणाऱ्यांना मिळणाऱ्या वरच्या दर्जाचं, स्वप्न बघू नये, त्यानं कमी भाडं आणि सोयीची वेळ बघावी. देशात फिरणाऱ्याला इंडिगोचं ब्लूचिप किंवा महाराजा क्लब, जिच्या फ्लाइट तुमच्या रूटवर जास्त तिचं. दोन्हीकडं पॉइंट खर्च केलेल्या रुपयांवर मिळतात, त्यामुळं तुमचं ऑफिस तिकीट काढत असेल तरी तुमचा नंबर त्यात टाकायला ॲडमिनला आठवण करा.

बोर्डिंग पास घरी येईपर्यंत फेकायचे नाहीत. मी गेटवरच फोटो काढून ठेवतो आणि माइल्स जमा झालेले दिसेपर्यंत डिलीट करत नाही. पंधरा-वीस दिवसांत आले नाहीत तर वेबसाइटवर मिसिंग माइल्सचा क्लेम टाकायचा, त्यात तिकीट नंबर लागतो आणि त्याला ठरावीक महिन्यांचीच मुदत असते, त्यामुळं दिवाळीत बघू म्हणून ठेवू नका.