ब्रिस्बेनला जाताय? मोर्टन बेचे मासे बघायची तयारी

जून-जुलैत मुलांकडे ब्रिस्बेनला जाणार असाल, तर बॅगा भरायच्या आधी एका सकाळी पुण्यातल्या गणेश पेठेतल्या मासळी बाजारात चक्कर मारा आणि बोय, म्हणजे मलेट मासा, नीट बघून घ्या. डोकं वरून चपटं, पाठीवर दोन वेगवेगळे पर, त्यातल्या पुढच्यात फक्त चार काटे. मोठी बोय असेल तर डोळ्यावरचा चरबीचा पारदर्शक पडदाही दिसेल. तिकडे तेव्हा हिवाळा. पश्चिमेचा गार वारा सुटला की नद्या-खाड्यांतली मोठी बोय झुंडीनं अंडी घालायला समुद्राकडे निघते. पाण्यातली ती काळसर झुंड किनाऱ्यावरून टिपायची तर पोलराइज्ड गॉगल हवाच. बाकी सामान कमी करा, हा नको.

मोर्टन बे म्हणजे ब्रिस्बेनजवळचा उपसागर. तिथल्या मोर्टन बेटावर टँगलूमाला 1963 ते 1984 या काळात बुडवलेली 15 जुनी जहाजं आहेत, त्यांच्याभोवती मासे दाटलेले असतात. स्नॉर्केलची, म्हणजे तोंडात नळी धरून पोहायची, सवय इथेच पुण्यात टिळक टँकवर करा. चष्मा असेल तर नंबरचा मास्क करून घ्या. तिथे पाण्याला ओढ फार, म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून पाणी थबकतं तेव्हाच उतरायचं. तळाशी गालिच्यासारखा पसरलेला, तोंडाभोवती झालरी असलेला वॉबेगाँग शार्क दिसला तर लांबूनच बघा.

पण सगळा वेळ जहाजांवर घालवू नका, असं मी आग्रहानं सांगेन. ब्रीम, मुडदुशांच्या जातीचं व्हाइटिंग यांची पिल्लं वाढतात ती समुद्री गवतात आणि तिवरांच्या मुळांशी. ओहोटीला तिथे उथळ पाण्यात जायला जाड तळव्याचे जुने बूट घ्या, कारण विषारी काट्यांचा स्टोनफिश दगडासारखा पडून असतो. पाऊल उचलून टाकू नका, वाळूत घासत चला, म्हणजे पाकट आधीच सरकते. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरून थेट दवाखाना गाठायचा. प्रवासाच्या विम्यात स्नॉर्केलिंग धरलंय ना, तेही बघा.

बॅगेत लोणची, मसाले असतील तर ते तिकडे उतरताना भरायच्या कार्डावर लिहायचे, लपवायचे नाहीत.

गळ टाकायचा असेल तर क्वीन्सलँडच्या समुद्रात हौशी मासेमारीला परवाना लागत नाही, पण मरीन पार्कचा नकाशा फोनमध्ये ठेवा. हिरव्या पट्ट्यात मासेमारी बंद. सोबत शिंप्याची टेप घ्या. डस्की फ्लॅटहेड हा चपट्या डोक्याचा मासा 40 ते 75 सेंटिमीटरमधलाच ठेवता येतो. त्याहून मोठ्या बहुतेक अंड्यांवर येणाऱ्या माद्या असतात, त्या ओल्या हातानं अलगद धरून परत पाण्यात सोडायच्या.