फे लोकांच्या प्रेमकथेवर मत कसं लिहावं

"नायक देखणा आहे" एवढ्यावर थांबू नका. फे म्हणजे लोककथांतले परीलोकातले जादुई लोक; त्यांच्या प्रेमकादंबऱ्यांत नायक देखणा असतोच. मी आधी नियम तपासते. आयरिश-स्कॉटिश लोककथांत फे लोकांना लोखंड सोसत नाही, त्यांच्याकडचं अन्न खाल्लं की परतीची वाट बंद, आणि तिथली एक रात्र म्हणजे इथली कित्येक वर्षं. लेखिकेने यातलं काय घेतलं, काय मोडलं, ते लिहा. कथा आजच्या शहरात घडत असेल, तर तिथे पावलोपावली लोखंड! मग हा फे राजपुत्र लिफ्टने वर येतोच कसा? उत्तर नसेल तर मी सरळ एक स्टार कापते. प्रेमाबद्दल एवढंच बघा: तो शेकडो वर्षांचा, ती विशीतली, तिच्या नकाराला तिथे किंमत आहे का? शेवट मात्र फोडू नका. मालिका असेल तर कितवा भाग, तेही सांगा.