सवय बदलायची असेल तर आधी सोबत बदला: कशी, ते पायरीपायरीने

सिगारेट सोडायची, रोज चालायचं, रात्री वेळेवर झोपायचं, असं काहीही ठरवलं की आपण सगळा भार स्वतःच्या निर्धारावर टाकतो. निर्धार लागतोच. पण तो दिवसभर पुरत नाही आणि संध्याकाळी चार मित्र भेटले की उरलासुरलाही संपतो. त्यापेक्षा आपल्या गोतावळ्याची मांडणी थोडी हलवणं सोपं पडतं. ते कसं करायचं, ते पाहू.

पायरी १: आठवडाभर नोंद ठेवा

वहीत किंवा फोनवर तीन रकाने करा: काय केलं, कोणासोबत, आणि सुरुवात कोणी केली. तिसरा रकाना टाळू नका, खरी गंमत तिथेच आहे. 'सिगारेट. ऑफिसमधला मित्र. त्याने नुसता खिशात हात घातला, उठलो मीच.' अशा ओळी सापडायला लागतात. आग्रह बहुतेक वेळा कोणी करतच नाही, नुसतं बघून हात आपोआप हलतो. खाण्याचंही तेच. समोरचा किती खातो त्यावरून आपण 'आता पुरे' कधी म्हणायचं ते ठरवतो, आणि ओळखीच्या माणसांचा घोळका असला की जेवण लांबतं नि पोटात जास्त जातं.

पायरी २: संगतीचा परिणाम की निवडच तशी?

'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' हे आपण ऐकत आलो आहोत. निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर या संशोधकांनी २००७ मध्ये ते आकड्यांत तपासलं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या लोकांच्या हृदयविकारांच्या दीर्घ अभ्यासाशी जोडलेल्या १२,०६७ लोकांच्या १९७१ ते २००३ या काळातल्या नोंदी त्यांनी पाहिल्या. मित्र लठ्ठ झाला तर माणूस स्वतः लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. भावंडांमध्ये हा आकडा ४० टक्के आणि पती-पत्नींमध्ये ३७ टक्के होता. नुसत्या शेजाऱ्याचा मात्र काहीच परिणाम दिसला नाही. म्हणजे शेजारी बांधून भागत नाही, मैत्री लागते!

हे आकडे जसेच्या तसे डोक्यावर घेऊ नका, कारण पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी तशाच पद्धतीने हिशेब मांडला, तर मुरुमं, डोकेदुखी आणि चक्क उंचीही मित्रांमध्ये 'पसरताना' दिसली. उंची कोणाकडून लागत नाही. एकसारखी माणसं मुळातच एकत्र येतात, एकाच परिस्थितीत राहतात, आणि ते संगतीच्या परिणामासारखं दिसतं. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. कोणती किती, हे वेगळं काढणं अवघड.

तुमच्यापुरती चाचणी मात्र सोपी आहे. प्रत्येक नावापुढे लिहा: ही सवय या ओळखीच्या आधीची की नंतरची? आणि हा माणूस महिनाभर गावाला गेला तर सवय कमी होते का? दोन्ही उत्तरं 'आधीची' आणि 'नाही' अशी आली तर त्या बिचाऱ्याला दोष देऊ नका.

पायरी ३: 'सगळेच करतात' हे विचारून बघा

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पिण्यावर १९८६ मध्ये झालेल्या अभ्यासात पर्किन्स आणि बर्कोविट्झ या संशोधकांना दिसलं, की आपले सोबती पिण्याबाबत प्रत्यक्षापेक्षा जास्त मोकळ्या मताचे आहेत असा मुलांचा समज होता. जे जास्त करतात ते डोळ्यांत भरतात, जे करत नाहीत ते गप्प बसतात, त्यामुळे अंदाज फुगतो. फोनवर तर आणखीच, कारण लवकर झोपलेला माणूस 'मी झोपलो' असा फोटो टाकत नाही. पाच जणांना एकेकटं गाठून थेट विचारा. बहुतेक वेळा 'अरे, मलाही नकोच असतं' असं म्हणणारे एक-दोघं निघतात. त्यांची नावं लिहून ठेवा.

पायरी ४: दोघं-तिघं निवडा, तेही एकमेकांना ओळखणारे

इथे थोडा वेळ द्या, कारण अर्धं काम निवडीतच आहे.

बातमी कळायला एक ओळखीचा पुरतो. सवय उचलायला एकाहून जास्त माणसं करताना दिसावी लागतात. समाजशास्त्रज्ञ डेमन सेंटोला यांनी २०१० मध्ये १,५२८ लोकांना ऑनलाइन आरोग्य-गटांत घालून हे करून पाहिलं. जिथे लोकांचे सोबती एकमेकांचेही सोबती होते, अशा घट्ट विणीच्या जाळ्यांत नवी गोष्ट ५४ टक्के लोकांपर्यंत पोचली. ओळखी विखुरलेल्या होत्या तिथे ३८ टक्क्यांपर्यंतच. म्हणून दहा वेगवेगळ्या दिशांच्या दहा ओळखींपेक्षा एकाच कट्ट्यावरचे तिघं बरे.

दुसरी गोष्ट, सगळ्यात तंदुरुस्त मित्राच्या मागे लागू नका. सुमारे ११ लाख धावपटूंच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१७ मध्ये आला. त्यात कमी धावणाऱ्यांमुळे जास्त धावणारे आणखी धावताना दिसले, पण जास्त धावणाऱ्यांमुळे कमी धावणारे हलले नाहीत. मागचा जवळ येतोय असं दिसलं की पाय उचलतात. फार पुढे गेलेल्याला आपण फक्त लाइक देतो. तेव्हा आपल्याच पातळीचा, किंवा किंचित मागे असलेला सोबती शोधा.

आता विचारायचं कसं? 'आपण व्यायाम सुरू करू या ना' याला सगळे 'हो हो' म्हणतात आणि कोणी येत नाही. त्याऐवजी असं सांगा: 'मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसहाला मी फाटकाशी उभा असेन. पाच मिनिटं थांबेन आणि निघेन.' वार, वेळ, जागा ठरलेली, आणि तुम्ही कोणावर अवलंबून नाही हेही कळलेलं. मग न येणाऱ्यालाच जरा चुकल्यासारखं होतं.

पायरी ५: गटात काय लिहायचं

निवडलेल्या सोबत्यांचा फोनवर गट काढणं सोपं, तो सुविचारांपासून वाचवणं कठीण. एका विद्यापीठातल्या ७९० विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगात नुसत्या पाठिंब्याच्या गटातली मुलं व्यायामाच्या वर्गांना अगदी कमी गेली, चढाओढीच्या गटातली बरीच जास्त. प्रोत्साहनाच्या गप्पांमध्ये न येणाऱ्यांकडेही लक्ष जातं आणि सगळेच सैलावतात, असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे. तेव्हा नियम एकच ठेवा: केलं असेल तरच लिहायचं, तेही एका ओळीत. चढाओढ हवी तर हजेरीची लावा. वजनाची अजिबात नको. त्यातून उपाशी राहण्याची शर्यत सुरू होते, आणि ज्याचं खाण्याशी नातं आधीच बिघडलेलं आहे त्याला ती फार महागात पडते.

पायरी ६: खेचणाऱ्या कंपूचं काय करायचं

'असले मित्र सोडून दे' हा सल्ला मला पटत नाही. १४८ अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१० मध्ये मांडला गेला. त्यात ज्यांचे संबंध भक्कम, त्यांची हयात राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त दिसली. सिगारेट सुटली आणि माणूस एकटा पडला, तर हा सौदा महागच.

भेटीची जागा आणि वेळ बदला. बसून भेटण्याऐवजी चालत भेटा, रात्रीऐवजी सकाळी. आणि कंपूत जाण्याआधी पायरी ३ मधल्या यादीतला एक जण गाठून ठेवा. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत सगळा गट रेघेची लांबी ढळढळीत चुकीची सांगायचा आणि बरेच लोक त्याच्या सुरात सूर मिसळायचे. बरोबर बोलणारा एक जरी सोबती मिळाला, तरी हे प्रमाण धाडकन खाली यायचं. एकच पुरतो.

नकाराचं वाक्यही तयार असू द्या. 'सोडायचा प्रयत्न करतोय' म्हटलं की 'आज एक चालेल रे' हे ठरलेलंच. 'नको, मी ओढत नाही' एवढं म्हणा आणि विषय बदला. कारण दिलंत की वाद सुरू.

घरातल्या माणसाबद्दल

वर उल्लेख केलेल्या फ्रॅमिंगहॅमच्याच नोंदींत, पती-पत्नींपैकी एकाने धूम्रपान सोडलं तर दुसरा ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी दिसली. पायरी २ मधली शंका इथेही लागू आहेच. तरी घरात दोघंही ओढत असाल तर तारीख दोघांची एकच धरा आणि घरातलं शेवटचं पाकीट दोघांनी मिळून टाका.

दारूचं मात्र वेगळं आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने मित्रांच्या भरवशावर एकदम बंद करू नये. शरीर सवयीचं झालेलं असतं, अचानक थांबवल्यावर झटके येऊ शकतात आणि जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग त्यांच्या सल्ल्याने उपचार, आणि सोबतीचा गट त्यानंतर.