पन्नाशीनंतर मोटारसायकल निवडताना: रूप, बैठक आणि मुंबईचे रस्ते

पन्नाशी उलटल्यावर नवी मोटारसायकल घ्यायची ठरली की बहुतेक जण आधी टाकीचा आकार, रंग आणि पुढच्या दिव्याची ठेवण पाहतात. त्यात गैर काहीच नाही, कारण या वयात गाडी हौसेखातरही घेतली जाते. मात्र मोटारसायकलचे रूप हे कपड्यासारखे वरून चढवलेले नसते. हँडल किती खाली, सीट किती उंच आणि पाय ठेवण्याची जागा किती मागे, यावरच गाडी झेपावल्यासारखी दिसेल की ऐसपैस, हे ठरते. म्हणून एखादे रूप आवडले की त्याबरोबर कोणती बैठक पदरात पडते, हे आधी समजून घ्यावे.

बैठक तीन ठिकाणांवरून ठरते: सीट, हँडलच्या मुठी आणि फूटरेस्ट. या तिन्हींमधील अंतरे शरीराचा भार कुठे टाकायचा ते ठरवतात. हँडल खाली आणि फूटरेस्ट मागे असले की भार मनगटांवर व मानेवर येतो, गुडघे अधिक दुमडतात आणि पुढे पाहण्यासाठी मान सतत वर उचलावी लागते. स्पोर्ट्स पद्धतीच्या गाड्यांची ही बैठक वेगासाठी आखलेली असते. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास समोरचा वारा छातीला टेकू देतो आणि मनगटांवरचा भार हलका होतो. मुंबईत तो वारा मिळणार कुठे? वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू, किनारी मार्ग, जे. जे. उड्डाणपूल आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग या सर्वांवर दुचाकींना बंदी आहे. उरतात ते एस. व्ही. रोड, एल. बी. एस. मार्ग आणि सिग्नलगणिक थांबणारी रांग. अशा वाहतुकीत पुढे वाकलेल्या बैठकीचा त्रास सगळा वाट्याला येतो आणि फायदा जवळजवळ काहीच मिळत नाही. पंचविशीतले मनगट हे सहन करते. मानेच्या मणक्यांची झीज सुरू झालेल्या माणसाने मात्र हे रूप दुरूनच पाहिलेले बरे.

याच्या उलट टोकाला क्रूझर येते. सीट खाली, हँडल जवळ आणि पाय पुढे पसरलेले, त्यामुळे ही गाडी पाहताक्षणी आरामखुर्चीची आठवण करून देते. शोरूममधला विक्रेताही वयस्क ग्राहकाला बहुधा तिच्याकडेच नेतो. खाली सीटचा लाभ खराच आहे: बजाज ॲव्हेंजर २२० ची सीट ७३७ मिलिमीटरवर, तर रॉयल एन्फिल्ड मिटिऑर ३५० ची ७६५ मिलिमीटरवर आहे, त्यामुळे बेताच्या उंचीच्या माणसाचेही दोन्ही तळवे जमिनीवर नीट टेकतात. परंतु पाय पुढे गेले की खड्ड्यावरून जाताना फूटरेस्टवर भार देऊन कंबर किंचित उचलता येत नाही आणि प्रत्येक गचका माकडहाडातून थेट कण्यात शिरतो. गुळगुळीत महामार्गावर क्रूझर सुखाची आहे. पावसाळ्यानंतरच्या मुंबईत ज्यांची कंबर आधीच कुरकुरते, त्यांनी केवळ दिसण्यावरून तिला आरामदायी मानू नये.

माझ्या मते या वयाला सर्वांत मानवते ती सरळ बैठक, जिच्यात पाठ ताठ, कोपरे किंचित वाकलेली आणि पाय नितंबांच्या जवळजवळ खाली किंवा थोडेसे पुढे असतात. ही बैठक दोन अगदी भिन्न रूपांत मिळते. एक जुन्या वळणाच्या गाड्यांचे, गोल दिवा आणि थेंबासारखी टाकी असलेले, आणि दुसरे आपल्या रोजच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांचे. दुसऱ्या प्रकाराकडे हौशी मंडळी नाक मुरडतात, परंतु हीरो स्प्लेंडर प्लसचे वजन सुमारे ११२ किलो आहे आणि जुन्या वळणाच्या रॉयल एन्फिल्ड क्लासिक ३५० चे १९५ किलो. सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या फटीतून गाडी मागे ओढताना ऐंशी किलोंहून अधिक असलेला हा फरक खांद्यांना कळतो. उंच ॲडव्हेंचर गाड्यांची बैठकही सरळ आणि उत्तम असते, पण त्यांच्यावर पाय टाकून चढणे हाच नितंबाच्या सांध्यांसाठी एक व्यायाम असतो.

शोरूममध्ये दोन मिनिटे बसून निर्णय घेऊ नये. रोजचे बूट घालून जावे, विक्रेत्याला गाडी पक्की धरायला सांगून दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवावेत आणि निदान दहा-पंधरा मिनिटे तसेच बसावे. मग हात हँडलवरून अलगद उचलून पाहावेत. धड पुढे कोसळत असेल, तर आतापर्यंत भार हातांवर होता असे समजावे. नेहमीच्या सवयीने डोळे मिटून पुन्हा मुठी पकडाव्यात आणि मनगट वर किंवा आत मुरडते का, ते बघावे. त्यानंतर मान दोन्ही बाजूंना वळवून मागचे दिसते का, ते तपासावे. पाय टेकतो की नाही हे पाहताना केवळ सीटच्या उंचीच्या आकड्यावर विसंबू नये, कारण सीटचा पुढचा भाग रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि उंची कमी असूनही टाचा अधांतरी राहतात. शेवटी गाडी डबल स्टँडवर लावून पाहावी. स्टँडच्या पट्टीवर पूर्ण भार देऊन उभे राहिले की गाडी आपसूक मागे चढायला हवी. हातांनी वर खेचावी लागत असेल, तर ती कंबरेच्या शत्रूसारखी वागेल. काही गाड्यांना डबल स्टँडच नसतो, म्हणून हे आधी विचारून घ्यावे.

पत्नीला किंवा नातवंडाला मागे बसवून फिरणार असाल, तर त्यांनाही शोरूममध्ये घेऊन जावे. मागची सीट वेगळी आणि उंच असली की बाजूने बसणे अवघड होते. सपाट, सलग सीट आणि हाताला लागेल असा भक्कम दांडा या दोन गोष्टी दिखाऊपणापेक्षा महत्त्वाच्या आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२३ नुसार मागच्या माणसासाठी आधाराचा दांडा, पाय ठेवण्याची जागा आणि चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण, म्हणजे आपला साडीगार्ड, आवश्यक आहे. रूप बिघडते म्हणून तो काढून टाकण्याची फॅशन आहे. तिच्या नादी लागू नये.

दिसण्यातल्या आणखी काही बाबी वयाबरोबर सोयीच्या बनतात. चाळिशीचा चष्मा लागलेल्याला छोट्या पडद्यावरचे बारीक आकडे उन्हात वाचता येत नाहीत, तिथे काट्याचा मोठा गोल मीटर एका नजरेत कळतो. हँडलच्या टोकाला लावलेले आरसे देखणे दिसतात, पण ते पाहण्यासाठी नजर खाली न्यावी लागते आणि दाटीच्या वाहतुकीत ते शेजारच्या गाडीला घासतात. उंच दांड्यांवरचे मोठे आरसे जुनाट दिसतात खरे, पण आखडलेल्या मानेला त्यांचाच आधार असतो.

गाडी आधीच घरात असेल, तर ती विकण्यापूर्वी काही गोष्टी करून पाहाव्यात. पहिली गोष्ट फुकटची आहे. क्लच आणि ब्रेकच्या दांड्या, तसेच बहुतेक गाड्यांचे हँडल, पान्याने सैल करून फिरवता येतात. नेहमीसारखे बसून बोटे दांड्यांवर टेकवली असता कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेषा व्हायला हवी. कारखान्यातून आलेल्या गाडीत दांड्या अनेकदा वर असतात आणि संध्याकाळच्या कोंडीत शेकडो वेळा क्लच ओढताना मनगट त्यामुळेच दुखते. क्लचची केबल गंजली असेल किंवा मुरडली असेल, तर ती बदलताच दांडी हलकी होते. घोटा आखडलेल्यांनी टाच आणि पंजा दोन्हींनी चालणारा गिअर लिव्हर बसवून घ्यावा, म्हणजे गिअर वाढवण्यासाठी लिव्हर बुटाच्या टोकाने वर उचलावा लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मागचे शॉकअप. बहुतेक गाड्यांत त्यांवरचे खाचांचे कडे फिरवून स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करता येतो. कोणीतरी कधीकाळी दोन माणसांसाठी कडक केलेले कडे तसेच राहते आणि एकटा, हलक्या वजनाचा चालक वर्षानुवर्षे गचके सोसत राहतो. टायरमधली हवाही पुस्तिकेत दिली असेल तेवढीच ठेवावी. मायलेजच्या आशेने जास्त भरलेली हवा कंबरेतून वसूल होते.

सीटच्या बाबतीत मात्र घाई नको. सीट शिवणारे कारागीर मुंबईच्या जवळजवळ प्रत्येक उपनगरात आहेत, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर तर वाहनांच्या सुट्या भागांची रांगच आहे. जमिनीवर पाय टेकावेत म्हणून फोम कापून सीट खाली घ्यायला सगळेच तयार असतात. तसे केल्यास फूटरेस्टपासूनचे अंतर घटते आणि गुडघे आणखी दुमडतात, हे कोणी सांगत नाही. म्हणून पाय टेकण्याची अडचण असेल तर उंची कमी करण्याऐवजी सीटच्या पुढच्या कडा निमुळत्या करून घ्याव्यात. मऊ फोमचा हट्टही सोडावा, कारण फार मऊ सीट थोड्याच वेळात दबते आणि हाडे तळाच्या पत्र्याला भिडतात. जेलची गादी आराम देते, पण उन्हात उभ्या केलेल्या गाडीवर ती चांगलीच तापते. शिवण कुठे येते तेही पाहावे. बसण्याच्या जागी शिवण आली तर जूनमध्ये फोम पाणी पितो आणि सप्टेंबरपर्यंत वाळत नाही.

हँडल पूर्ण बदलून उंच किंवा रुंद बसवणे हा मोह सर्वांत मोठा असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हाच अर्थ उचलून धरला आहे. अपघातानंतरच्या विमा दाव्यात असा बदल अंगाशी येऊ शकतो. त्यामुळे कंपनीच्या अधिकृत यादीत हँडल किंचित उंचावणारे सुटे भाग असतील तर तेच घ्यावेत आणि पावती जपून ठेवावी. उंच हँडल लावल्यावर ते दोन्ही टोकांना पूर्ण वळवून ब्रेकची नळी आणि ॲक्सिलरेटरची केबल ताणली जात नाही ना, याची खात्री केल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

गुडघा किंवा नितंबाचा सांधा बदललेला असेल, तर गाडीवर पुन्हा कधी बसायचे हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे. मधुमेहामुळे तळपाय बधिर होत असतील, तर मागच्या ब्रेकवर पाय किती दाबला गेला हेच कळत नाही. अशा वेळी दोन्ही ब्रेक हातात असलेली गिअरविना स्कूटर घेणे शहाणपणाचे, मग तिचे रूप कितीही साधे असो. आणि गाडी घेण्यापूर्वी परवान्यावरील तारीख पाहून ठेवावी. पंचावन्न वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांसाठीच होते आणि चाळिशीनंतर त्यासाठी नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. त्या तपासणीला जाताना रोजचा चष्मा सोबत न्यावा.