पहिली किट कार : आधी किट, मग डोनर, रंग सगळ्यात शेवटी

किट कार म्हणजे सुट्या भागांत विकत घ्यायची, स्वतःच्या हाताने जोडायची आणि सरकारी तपासणी पार करून रस्त्यावर आणायची गाडी. हा शौक मुळात ब्रिटनचा. १९५७मध्ये कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ ही छोटी, उघडी स्पोर्ट्सकार आणली, तेव्हा तयार गाडीवर खरेदी-कर लागे, सुट्या भागांवर लागत नसे. १९७३मध्ये व्हॅट आला आणि ही पळवाट बुजली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. कराचा फायदा गेला, पण हौस टिकली. आजही पहिल्यांदा गाडी बांधणाऱ्याला ज्या किट सुचवल्या जातात, त्यांतल्या बहुतेक त्या सेव्हनच्याच वंशातल्या असतात.

पुढचे सगळे ब्रिटनमधल्या नियमांना धरून आहे. गाडी तिथे बांधून भारतात आणायचा विचार असेल तर तो आताच सोडावा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करू देत नाही, आणि टाइप अॅप्रूव्हल (त्या मॉडेलला मिळालेली सरकारी मान्यता) नसलेली एकुलती एक गाडी आरटीओत उभी करून काही हाती लागत नाही.

कोणत्या जातीची किट

प्रदर्शनात नजर जाते ती कोब्रा या जुन्या स्पोर्ट्सकारच्या प्रतिकृतीवर किंवा इंजिन मध्यभागी असलेल्या बंद कूपेवर. पहिल्या बांधणीसाठी या दोन्ही टाळा. त्यांचे इंजिन-गिअरबॉक्स बसवणे फारसे अवघड नसते. घोडे पेंड खाते ते बॉडीवर. फायबरग्लासचे दरवाजे चौकटीत बसवायचे, फटी सारख्या करायच्या, बिजागऱ्या, काचा आणि रबर जुळवायचे, मग घासून रंगाला तयार करायचे. यात शेकडो तास जातात आणि गाडी पुढे सरकल्यासारखी दिसतच नाही. अर्धवट सोडलेल्या किट बहुधा याच टप्प्यावर विकायला निघतात.

सेव्हन-जातीच्या गाडीला दरवाजे नसतात, काचा वर-खाली करायच्या नसतात, बाजूचे पत्रे सपाट अॅल्युमिनियमचे असतात. नाक आणि मडगार्ड कंपनीकडून रंगीत जेलकोटमध्येच (फायबरग्लासच्या रंगीत वरच्या थरासह) येतात, त्यामुळे रंगशाळेचा खर्च वाचतो. विंडस्क्रीन लावली नाही तर वायपर, वॉशर आणि काचेवरची वाफ घालवण्याची सोय यांची तपासणीच होत नाही. म्हणून बरेच जण तपासणीला बिनकाचेची गाडी नेतात. पावसाळी देशात हा सल्ला विचित्र वाटेल, पण या गाडीत तसेही कोरडे कोणीच राहत नाही.

सेव्हन-जातीतही दोन वाटा आहेत. केटरहॅमसारखी किट जवळजवळ पूर्ण नव्या भागांची असते. इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग सगळे मोजून खोक्यांत येते आणि कंपनी जोडणीसाठी साधारण ८० ते १०० तास सांगते. ही जोडणी आहे, बांधणी नव्हे. पैसे आहेत पण वेळ नाही, अशांसाठी ती योग्य. दुसरी वाट एका जुन्या गाडीचे, म्हणजे ‘डोनर’चे, यांत्रिक भाग काढून नव्या चॅसिसवर चढवण्याची. तिला तिप्पट-चौपट वेळ लागतो, खर्च बराच कमी येतो आणि शिकायला कितीतरी जास्त मिळते. पुढचा मजकूर मुख्यतः या दुसऱ्या वाटेबद्दल आहे.

आधी बसून पाहा

किटची जाहिरात वाचण्याआधी त्या किटच्या तयार गाडीत बसा, तेही रोजच्या बुटांत. अरुंद चॅसिसमध्ये तीन पेडलांवर रुंद बूट मावत नाहीत, ब्रेक दाबताना अॅक्सिलरेटरही दाबला जातो. केटरहॅमची मोठी चॅसिस नेहमीच्या चॅसिसपेक्षा ११० मि.मी. रुंद असते ती याचसाठी. सहा फुटांहून उंच असाल तर खाली घेतलेल्या फरशीचा पर्याय विचारा. ती चॅसिस वेल्ड होतानाच ठरते, नंतर करता येत नाही. गुडघा स्टीअरिंगला लागतो का, हँडब्रेकपर्यंत हात पोहोचतो का, हेही पाहा. सीट बेल्टचा खांद्याकडचा वरचा बिंदू सीटच्या बैठकीपासून किमान ४५० मि.मी. वर लागतो. उंच सीट घातली की नेमके हेच माप कमी भरते.

डोनर

पूर्वी फोर्ड एस्कॉर्ट आणि सिएरा हे ठरलेले डोनर होते. आता ते दुर्मीळ आणि महाग झाले. आज पहिल्या बांधणीसाठी सगळ्यात सोपा डोनर म्हणजे माझदा एमएक्स-५. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, पहिल्या दोन पिढ्यांत चारही चाकांना दुहेरी विशबोन (चाक धरणारे सस्पेन्शनचे दांडे) आणि सुटे भाग मुबलक. जीबीएस झीरो आणि एमईव्ही एक्सोसेट या किट एमएक्स-५च्या भागांवर बांधता येतात.

पण एमएक्स-५ म्हटले की कोणतीही चालते असे नाही. किट कोणत्या पिढीसाठी आहे हे कंपनीकडून लेखी घ्या. मार्क १ आणि मार्क २ची चाके ४ बोल्टची, १०० मि.मी. अंतराची. मार्क ३ची ५ बोल्टची, ११४.३ मि.मी.ची. इंजिनही वेगळे, हबही वेगळे. मार्क १च्या १.६ लिटर गाडीतला डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारी गिअरपेटी) ६ इंची, १.८चा ७ इंची आणि अधिक दणकट. अगदी सुरुवातीच्या १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड असते आणि तिथे पुली धरून ठेवणारी लोखंडी खुंटी झिजून क्रँकच निकामी होतो. ती टाळा. मार्क ३ घेतलात तर किल्ली, ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि किल्लीभोवतीची अँटेना-रिंग तिन्ही एकाच गाडीतली हवीत. एक जरी हरवली तरी इमोबिलायझर, म्हणजे चोरी-रोधक यंत्रणा, इंजिन सुरू होऊ देत नाही.

गंजाला घाबरू नका. सिल (दरवाज्याखालचा पत्रा) आणि पुढचे चॅसिस-रेल कुजल्यामुळे एमओटीत, म्हणजे वार्षिक तपासणीत, नापास झालेली, पण यंत्र ठणठणीत असलेली गाडी म्हणजे आदर्श डोनर, कारण पत्रा तुम्हाला नकोच आहे. मात्र गाडी चालती असावी. अर्धा तास चालवा. गरम इंजिनावर निळा धूर, दुसऱ्या गिअरमध्ये खरखर, वळताना मागून घरघर, हे दोष सुटे भाग बाकावर पडल्यावर सापडत नाहीत. गंज खरा छळतो तो मागच्या विशबोनच्या लांब बोल्टांवर. चाकांचे कोन जुळवणारे हे एक्सेंट्रिक बोल्ट बुशच्या (सांध्यातल्या रबरी गादीच्या) नळीत असे धरतात की पाना फिरतो आणि बोल्टऐवजी रबर पिळले जाते. आठवडाभर आधीपासून रोज पेनिट्रेटिंग तेल सोडा. तरी सुटला नाही तर बुशच्या दोन्ही बाजूंनी कापा आणि नवे बोल्ट-बुश खर्चात धरा.

मोडतोड करताना वायरिंगला सर्वांत शेवटी हात लावा. प्रत्येक कनेक्टरवर चिकटपट्टी, त्यावर नाव, मग फोटो, आणि मगच तो काढायचा. कापलेली हार्नेस (वायरींची जुडी) पुन्हा जुळवण्यात जितके दिवस जातात तितक्यात अख्खी सस्पेन्शन चढते. छत, दरवाजे, सीट आणि दिवे विकून डोनरच्या किमतीचा मोठा हिस्सा परत येतो, तेव्हा ते फेकू नका.

सगळ्यात महागडी चूक कागदाची असते. डोनरचा व्ही५सी (नोंदणीचा कागद) तुमच्या नावावर करून घ्या आणि उरलेला सांगाडा भंगारात देण्याआधी थांबा. भंगारवाल्याने नष्ट केल्याचा दाखला काढला की त्या गाडीची ओळख कायमची संपते आणि तिचे वय तुमच्या किटला मिळत नाही. किट-कंपनीची नवी चॅसिस आणि एकाच डोनरचे किमान दोन मुख्य घटक असतील तर डीव्हीएलए, म्हणजे वाहन-नोंदणीचे सरकारी खाते, डोनरच्या वयाचा नंबर देते. सगळे भाग नवे, फार तर एक नव्यासारखा दुरुस्त केलेला, असतील तर चालू वर्षाचा नंबर मिळतो. दोन्हींत बसत नसेल तर ‘क्यू’ नंबर, म्हणजे वय वा ओळख निश्चित नसलेल्या गाडीचा नंबर. क्यू नंबरची गाडी विकताना किंमत पडते आणि तिच्यावर हौसेचा नंबरही लावता येत नाही.

कंपनीला काय विचारायचे

किटच्या छापील किमतीत काय *नाही*, याची यादी मागा. रेडिएटर, पेट्रोलची टाकी, एक्झॉस्ट, ब्रेकच्या नळ्या, प्रॉपशाफ्ट, शॉक अॅब्सॉर्बर, सीट, बेल्ट, दिवे, नट-बोल्ट यांतले निम्मे बहुधा ‘पर्यायी’ निघतात. डोनर, टायर, तपासणी आणि हत्यारे धरून एकूण खर्च छापील किमतीच्या दीडपट ते दुप्पट धरून चाललात तर फजिती होत नाही.

बांधणीची पुस्तिका विकत घेण्याआधी वाचायला मागा. तिच्यात बोल्टची मापे आणि टॉर्क आहेत का, की नुसते फोटो? ती आत्ताच्या चॅसिसची आहे की दोन आवृत्त्यांपूर्वीची? याच किटने गेल्या वर्षभरात आयव्हीए (रस्त्यावर येण्याआधीची सरकारी तपासणी) पार केली का, आणि बांधणारा घरचा होता की कंपनीचा मेकॅनिक? उत्तर देताना विक्रेता अडखळला तर दुसरीकडे जा. आगाऊ रक्कम टप्प्याटप्प्याने द्या. या धंद्यातल्या कंपन्या लहान असतात आणि बंद पडतात. पूर्ण पैसे भरून चॅसिसची वाट पाहणारा रांगेत शेवटी उभा राहतो.

नमुन्याची चॅसिस जवळून पाहा. वेल्ड सलग आणि सारखे आहेत का, सीट बेल्टच्या बिंदूंना आतून जाड प्लेट आहे का, पावडर कोटिंगखाली बोल्टांच्या भोकांत आटे स्वच्छ आहेत का. एमएक्स-५ची मूळ स्प्रिंग वापरा असे कोणी म्हणाले तर सावध व्हा. मूळ गाडी टनाच्या आसपास, किट ६०० ते ७०० किलोची. त्या स्प्रिंगवर ती उंच आणि ताठ उभी राहते.

आयव्हीए डोळ्यासमोर ठेवून निवड

२००९पासून घरी बांधलेल्या गाडीला इंडिव्हिज्युअल व्हेइकल अॅप्रूव्हल, म्हणजेच आयव्हीए, लागते. ही तपासणी डीव्हीएसए या सरकारी संस्थेच्या केंद्रावर होते. शुल्क सुमारे ४५० पौंड, फेरतपासणी ९०. अर्जाआधी चालू दर पाहून घ्या. नापास होण्याची कारणे ठरावीक आहेत, आणि त्यांतली बरीच किट निवडतानाच टाळता येतात.

बाहेरच्या कडांचा नियम पहिला. १०० मि.मी.चा गोळा जिथे जिथे टेकतो तिथे कडेची गोलाई किमान २.५ मि.मी. हवी. बोल्टची टोके, सस्पेन्शनचे ब्रॅकेट, दिव्यांच्या कडा, सगळे यात येते. चांगली कंपनी टोप्या आणि रबरी पट्ट्यांचा संच देते. नाहीतर तपासणीच्या आदल्या रात्री कानस घेऊन बसावे लागते.

दुसरी अडचण स्टीअरिंगची. वळणावर हात सैल सोडला की चाक आपोआप सरळीकडे यायला हवे. हलक्या गाडीत पुढे वजन कमी, त्यात पॉवर स्टीअरिंगची रॅक (चाके वळवणारा दातेरी दांडा) पंप काढून नुसती नळी जोडून वापरली तर आतल्या सीलच्या घर्षणामुळे ती परत येतच नाही. साधी मॅन्युअल रॅक घ्या आणि किटमध्ये कॅस्टर (पुढच्या चाकाच्या वळणाच्या अक्षाचा मागे कल) वाढवता येतो ना, हे विचारा.

ब्रेकमध्ये मागची चाके पुढच्यांआधी अडकता कामा नयेत. पुढच्या-मागच्या ब्रेकमधला दाब वाटणारा, हाताने फिरवायचा बायस व्हॉल्व्ह लावलात तर तो तपासणीपूर्वी पक्का करावा लागतो. नळ्या तांबे-निकेलच्या ३/१६ इंची घ्या आणि टोके नीट ओळखा. माझदाला दुहेरी मुडपलेले टोक लागते, फोर्डसारख्या युरोपीय भागांना बहुधा बुडबुड्यासारखे. आटे दोन्हींचे १० मि.मी.चे, त्यामुळे चुकीचा जोड घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि पेडल दाबताच पाझरतो.

आवाजाची मर्यादा ९९ डेसिबल, म्हणून बाजूने जाणारा छोटा सायलेन्सर दिसायला कितीही देखणा असला तरी मोठा घ्या. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये. टायरचे माप बदलले तर तो पुन्हा जुळवा. वायरी दर ३०० मि.मी.वर बांधलेल्या हव्यात. इंजिनाच्या वयाचा पुरावा जवळ ठेवा, नाहीतर धुराची तपासणी नव्या इंजिनाच्या निकषाने होते.

जागा आणि हत्यारे

एका गाडीचे गॅरेज पुरते, पण चॅसिस आल्यावर डोनरला तिथे जागा उरत नाही. त्यामुळे डोनर आधी पूर्ण मोडून, भाग धुऊन, रंगवून, फळ्यांवर लावून ठेवा आणि मगच चॅसिस मागवा. इंजिन क्रेन भाड्याने मिळते. चार अॅक्सल स्टँड, टॉर्क पाना, रिव्हेट गन, मल्टिमीटर आणि ब्रेक-नळीचे टोक करायचे चांगले हत्यार मात्र स्वतःचे घ्या. सेल्फ-लॉकिंग नट एकदा काढला की पुन्हा वापरायचा नाही. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळायचे. स्टँडवर असताना आवळले तर बुश पिळलेल्या अवस्थेत बसते आणि काही महिन्यांत फाटते.

अर्धवट सोडलेली किट घ्यावी का

किंमत मोहात पाडते. घ्यायची तर चॅसिस कधीची ते आधी विचारा. २००९पूर्वीच्या एसव्हीए या जुन्या तपासणीसाठी बांधलेली असेल तर बेल्टचे बिंदू आणि आतल्या कडा आजच्या निकषात बसतीलच असे नाही. डोनरचा व्ही५सी, किटची मूळ पावती आणि चॅसिस नंबरचे पत्र, यांपैकी एकही नसेल तर क्यू नंबर गृहीत धरूनच किंमत ठरवा. आधीच्या माणसाने जोडलेल्या ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग पूर्ण उचकटून पुन्हा करायची, ती कितीही नीटनेटकी दिसली तरी. घरी बांधल्याचा पुरावा म्हणून अर्जाला बांधणीचे फोटो जोडावे लागतात. ते विक्रेत्याकडून त्याच दिवशी, गाडी ट्रेलरवर चढवण्याआधी, आपल्या फोनमध्ये घेऊन ठेवा.