पुणे-बंगळूर महामार्गावर कोल्हापूरचा रात्रीचा मुक्काम

मुंबईहून गाडीने बंगळूरला निघालात तर पहिला मुक्काम कोल्हापूरला करावा. मुंबईपासून अंतर ३८० किलोमीटरच्या आसपास, पुण्यापासून २३०. बेळगाव पुढे आणखी ११०, पण दिवसभर गाडी चालवल्यावर ते अंधारात गाठायची घाई नको. पुणे-कोल्हापूर टप्प्याला पाच तास धरा. सहापदरीकरणामुळे जागोजागी वळवलेला रस्ता लागतो आणि रात्री त्या वळणांचा अंदाज येत नाही. म्हणून पुण्यातून दुपारी दोनच्या आत बाहेर पडा.

पंचगंगेचा पूल ओलांडला की डावीकडच्या सेवा रस्त्याला लागा आणि तावडे हॉटेल चौकात महामार्गाखालून उजवीकडे शहरात वळा. ही डावी बाजू वेळेत धरली नाही, तर गाडी थेट उचगावकडे निघून जाते.

राहायला कावळा नाका, स्टेशन रोड, शाहूपुरी हा पट्टा सोयीचा. अंबाबाईच्या देवळाजवळ खोली मिळाली तरी तिथल्या गल्ल्यांत मोठी गाडी घालणं आणि सकाळी काढणं, दोन्ही त्रासाचं. खोली ठरवताना फोनवर तीन गोष्टी विचारा: पार्किंग हॉटेलच्या आवारात आहे का, तळघरात असेल तर उंची किती (टपावर कॅरिअर असेल तर हे मोजूनच जा), आणि गाडीमागे गाडी लावतात का. तिसरा प्रश्न लोक विसरतात. मग पहाटे निघायच्या वेळी मागच्या गाडीचा मालक झोपलेला आणि किल्ली त्याच्या खोलीत. उत्तर ‘हो’ आलं तर रात्रीच काउंटरवर निघायची वेळ सांगून गाडी बाहेरच्या रांगेत लावून घ्या. रात्रीपुरती एक वेगळी पिशवी भरलेली असली की डिकी उपसावी लागत नाही. मात्र काचेतून दिसेल अशी एकही बॅग गाडीत ठेवू नका.

जेवायला नऊच्या आत बसा. खानावळीत उशिरा गेलं की मटण संपलेलं असतं. तांबडा-पांढरा रस्सा पुन्हा पुन्हा वाढतात, पण ज्याला पहाटे गाडी चालवायची आहे त्याने पांढऱ्यावर भर द्यावा. त्यात नारळाचं दूध आणि खसखस, लाल तिखट नाही, त्यामुळे तो पोटाला सोसतो.

सकाळी देवळात रिक्षाने जा. पहाटे गर्दी कमी असते. नवरात्रात मात्र दर्शन आणि पुढचा प्रवास एकाच सकाळी बसवू नका. टायरची हवा हॉटेलजवळच्या पंपावरच तपासा. गाडीच्या दाराच्या चौकटीवर छापलेला हवेच्या दाबाचा आकडा थंड टायरचा असतो. पन्नास किलोमीटर पळाल्यावर दाब वाढलेला दिसतो आणि तो बघून हवा सोडली तर टायर कमी हवेवर पळतो. बाहेर पडायला पुन्हा तावडे हॉटेलला यायची गरज नाही, शाहू नाक्यावरून उजळाईवाडीला महामार्ग मिळतो. पुढे कागल ओलांडलं की कोगनोळीचा टोल येतो, तेव्हा फास्टॅगची शिल्लक रात्रीच बघून ठेवा.

जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघाच. ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ पाणी येऊन महामार्ग बंद पडला होता. पाणी इशारा पातळीच्या वर आणि चढतं असेल तर साताऱ्यातच थांबा.

गोव्याला जाणाऱ्यांनी संकेश्वरला महामार्ग सोडून गडहिंग्लज-आजऱ्यावरून आंबोली गाठावी. पावसाळ्यात तिथे दाट धुकं असतं, म्हणून घाट उजेडातच उतरा.